मालविकू नाका

मालूताई,

तुझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही. मी कावळ्याला मानत नाही, हे तुला माहीत आहे. त्यावरून आपलं एकदा कोथिंबिरीच्या वाफ्यात उभ्याउभ्या भांडण झालं होतं आणि तू मला ओल्या मातीचं ढेकूळ फेकून मारलं होतंस. पण त्या सकाळी गंगेच्या काठावर तो पक्षी मला आयुष्यात पहिल्यांदा आवडला.

तुझा थोरला भाऊ हात जोडून त्याला एकेक आमिष दाखवत होता. "मालू, आईला सांभाळू." नाही आला. "मालू, तुझी गाय विकणार नाय." नाही आला. मग त्यानं घसा खाकरला आणि सगळ्या भावकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मालू, मळ्यात प्लॉट पाडू ना, त्याला तुझंच नाव देऊ. मालविका नगर." कावळा पत्र्यावरून उडाला आणि पलीकडे दुसऱ्याच कुणाच्या पिंडाला जाऊन शिवला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि उरकलं.

गवताचा कावळा. तुझ्या जिवंतपणी जी संमती त्यांना चार वर्षं मिळाली नाही, ती त्यांनी गवताकडून घेतली.

म्हणून लिहिते आहे. तू किती प्रेमळ होतीस वगैरे मी लिहिणार नाही. तू प्रेमळ नव्हतीस. तू हट्टी होतीस, तोंडाळ होतीस, दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं न विचारता घ्यायचीस. मला फक्त तुझ्या नावाबद्दल बोलायचं आहे. फ्लेक्सवर फोटोखाली छापलेल्या नावाबद्दल नाही. तू स्वतः लावून घेतलेल्या नावाबद्दल.

कैलासभाऊंचं सायबर कॅफे आठवतं? पंचवटीत, चप्पल बाहेर काढायला लावायचे, देवळासारखं. आत पडदे लावलेल्या सहा खोकड्या आणि एकच पंखा, तोही माणसांसाठी नाही, मशीनसाठी. तू आलीस ती पहाटेचा बाजार उरकून, घोट्यापर्यंत चिखल, डोक्यावर रिकामी पाटी.

"मावशी, इथं भाजी नाही लागत," कैलासभाऊ म्हणाले.

"मावशी तुझी आई. भाजी विकून आले. मला मेल काढायचाय."

"कुणाला पाठवायचाय?"

"पाठवायचा नाय, यायला पाहिजे. घरी कागद आला का भावाच्या हातात पडतो. मला असा पत्ता पाहिजे जिथला पोस्टमन माझ्या भावाला वळखत नाय."

मी शेजारच्या खोकडीत संघटनेचं पत्रक टाईप करत होते. 'निषेध' हा शब्द रोमन लिपीत कसा लिहावा यात अडकले होते. ते वाक्य ऐकलं आणि पडदा सारून बाहेरच आले. इंटरनेट कशासाठी असतं याचं इतकं सरळ उत्तर मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

कैलासभाऊंनी तुझं नाव टाकलं. मशीननं सांगितलं, हे नाव आधीच कुणीतरी घेतलं आहे.

"घेतलं? माझं नाव? कुणी?"

"असेल कुणी मालविका. जगात खूप असतात."

"वा रे वा. जमीन तर घेऊनच ऱ्हायले होते, आता नाव पण."

आणि मग त्या खुर्चीत टेकून तू ती गोष्ट सांगितलीस, सहाही खोकड्यांमधली बोटं थांबली होती. मळ्यात जन्मलेल्या पोरीचं नाव घरी फक्त मालू. शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी पटावर आपल्या मनानं लिहिलं, मालविका. घरी आलीस, ऐटीत नवं नाव सांगितलंस आणि दोघा भावांना दोन मिनिटांत त्यातला मळा सापडला. मळा विका! मळा विका! विहिरीपासून बांधापर्यंत तुझ्यामागं पळत ओरडायचे. तू रडायचीस. आणि तुझे वडील डिझेल इंजिनाच्या धडधडीवर आवाज काढून तिकडून ओरडायचे, "मळा विकू नका रे भाड्यांनो!"

"लिव्हा तेच," तू म्हणालीस. "मळा विकू नका."

कैलासभाऊंनी दोन बोटांनी टाईप केलं: malavikunaka. मग मोठ्यानं वाचलं. "माल विकू नका? मावशी, आत्ता तर विकून आलात."

सगळं कॅफे हसलं. मी नाही हसले. मला कुणाचंही अशुद्ध लेखन बघवत नाही. मी म्हणाले, "ळ साठी मोठा एल टाका." त्यांनी टाकला. मशीननं तो परत बारीक केला. पुन्हा टाकला, पुन्हा बारीक.

"ळ नाही त्यांच्याकडं," कैलासभाऊ म्हणाले.

"ळ नाय?" तू म्हणालीस. "मंग मळ्याचं काय समजणार त्यांना."

माझं नाव तेव्हा thinagi होतं. ठिणगी. आमच्या चळवळीत दर चौथ्या माणसाचं तेच असायचं. तू माझ्या स्क्रीनवर वाकून वाचलंस, "थिनगी. ही कुणाची सून?" त्या दिवसापासून तू चिडलीस की मी थिनगी आणि खुशीत असलीस की पत्रकबाई.

कागद कसला, ते मला तू त्याच दिवशी सांगितलंस. तू मनमाडहून फारकत घेऊन माहेरी आलेली; वडील गेल्यावर सातबाऱ्यावर चार नावं लागली होती: आई, दोन भाऊ आणि तू. मळ्याच्या कडेनं रस्ता रुंद झाला आणि भाजीपेक्षा मातीला भाव आला. मग भाऊबीज आली. ओवाळणीत साडी आली आणि साडीच्या घडीत हक्कसोडीचा कागद आला. हक्कसोड म्हणजे बहिणीनं सरकारी कागदावर लिहून द्यायचं की बापाच्या जमिनीतलं मला काही नको. जिल्हाभर असंच चालतं. साडी नेसायची, अंगठा द्यायचा, ओवाळणीचं ताट घेऊन परत जायचं. त्याला प्रेम म्हणतात! तू साडी ठेवून घेतलीस. कागद ताटाखाली सरकवलास. तेव्हापासून जमिनीची कुठलीही नोटीस घरी आली की भाऊ ती तुझ्यापर्यंत पोचू देत नव्हते.

"साडी त्यानं बहिणीला दिली," तू म्हणायचीस. "ती घेतली. कागद त्यानं भागीदाराला दिला. भागीदार नाय म्हणला."

मग तू त्या मराठी गप्पांच्या ग्रुपवर जायला लागलीस. मीच नेलं. मला वाटलं होतं तिथं आपला मुद्दा मांडू, जनमत तयार करू. तिथं लोक पुरणपोळी फाटू नये म्हणून काय करावं यावर बोलत होते. आणि तू काहीच मांडलं नाहीस. फक्त कुणाच्या तरी पोळीला उत्तर दिलंस. खाली नाव उमटलं आणि अमेरिकेतल्या एका माणसानं विचारलं, "मी मूळचा नाशिकचा. मुंबई नाका माहीत आहे, आडगाव नाका माहीत आहे. हा मालविकू नाका कुठे आला? नवीन झाला का?"

तू इतकी हसलीस की कैलासभाऊ पाणी घेऊन आले. मला म्हणालीस, टाईप कर. मी टाईप केलं, तू सांगत गेलीस: गंगा वलांडा. फुलबाजार डाव्या हाताला टाका. कोबीचा वास आला की उतरा. तिथं एक बाई हाय, ती सही करत नाय. तोच नाका.

"कसली सही?" त्यानं विचारलं.

झालं. त्यानं विचारलं आणि तू सांगितलंस. आठवडाभरात त्या ग्रुपवर पोळ्या बंद पडल्या. पुण्याची एक, अमरावतीची एक, टेक्सासमधली एक, बायका लिहू लागल्या. मी केली सही. माझी साडी मोरपंखी होती. माझी डाळिंबी, एकदाच नेसले. माझी अजून घडीची आहे, मोडवत नाही. मी आजवर जितकी पत्रकं लिहिली त्या सगळ्यांत मिळून इतक्या बायका बोलल्या नव्हत्या. हे मी तेव्हा कबूल केलं नाही. आत्ता करते आहे, आता तुला त्याचा काही उपयोग नसताना.

तू प्रत्येकीला तिच्या नावाची गोष्ट विचारायचीस. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. pahije नावाची एक होती. मला वाटलं कुणी आगाऊ मुलगी असेल. तू विचारलंस. तिनं लिहिलं: चौथी मुलगी झाले म्हणून घरात माझं नाव नकुशी ठेवलं. इथं नाव मागितलं तेव्हा मी लिहिलं, पाहिजे. तू ते दोनदा वाचलंस. मग मला म्हणालीस, "बघ थिनगी. हिला नाव विचारणारं हे पहिलं मशीन."

आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही.

मी म्हणायचे, नाव बदल. स्पष्ट कर. कुणी माल वाचतं, कुणी नाका वाचतं, घोषणेत असा गोंधळ चालत नाही. तू म्हणायचीस, "तुझ्या पत्रकात सगळंच लिव्हलेलं आसतं. माणसाला विचारायला काय ठेवतेस? म्हणून लोक त्याच्यावर भेळ खातात." मी म्हणायचे, चळवळ कोडी घालून होत नाही. तू म्हणायचीस, "माणूस आडखळला की थांबतो. थांबला की विचारतो. विचारलं की त्याला ऐकूनच जावं लागतं. तू आडखळूच देत नाय कुणाला."

आणि मग मी ते केलं.

तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस, म्हणूनच विचारलं नाही. हजार पत्रकं, पिवळ्या कागदावर. 'मालविकाताईंचा सवाल: बहिणीचा वाटा कुठे?' तुझं पूर्ण नाव, तुझ्या वस्तीचं नाव, साडी, कागद, ताट, सगळं. अगदी शुद्ध. ळ सकट. तुमच्या दूध डेअरीच्या भिंतीवर मी स्वतः चिकटवलं, खळ माझ्या कोपरापर्यंत आली होती आणि मला वाटत होतं, आता झालं काम.

दुसऱ्या दिवशी तू आमच्या ऑफिसात आलीस, प्रेसच्या माडीवरच्या त्या खोलीत. लोणच्याला हात लावला नाहीस.

"आईला वाचून दाखवलं पोरांनी," म्हणालीस. "दोनदा. तिला वाटतंय मी तिला भितीवर टांगलं. जेवली नाय ती."

"सत्य आहे ते."

"माझं हाय ना? मी सांगायचं कवा न् कुणाला, ते मी बघितलं आसतं. तू माझं नाव विकलंस."

"विकलं नाही," मी म्हणाले. "वाटलं. फुकट वाटलं." मला ते वाक्य फार बिनतोड वाटलं होतं, ताई. पत्रकं लिहून लिहून माणसाला अशी सवय लागते.

तू दारापर्यंत गेलीस. वळलीस. "चार वर्षं झाली. तुला माझं नाव आजून वाचता आलं नाय. एकदा नीट वाच." आणि जिना उतरून गेलीस.

पुढच्याच आठवड्यात तुला ताप भरला. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी गेले नाही. तू आधी निरोप धाडावास, असं मी ठरवलं होतं. चार दिवस ठरवत बसले. पाचव्या दिवशी आले तेव्हा तू कुणाला ओळखत नव्हतीस. आठव्या दिवशी संपलं. तिथं उभी राहून मी काय बोलले ते तू ऐकलं नाहीस आणि ते मी इथं पुन्हा लिहिणार नाही. दहा वर्षं जाहीर बोलण्याचा सराव केलेल्या बाईला बंद खोलीत चार शब्द वेळेवर बोलता येत नाहीत, एवढी नोंद पुरे.

तेराव्याच्या आत रस्त्याला फ्लेक्स लागला. तुझा फोटो, मतदार ओळखपत्रावरचा, मोठा केलेला. खाली: 'कै. मालविका हिच्या स्मरणार्थ मालविका नगर. प्लॉट बुकिंग सुरू.' मी त्याच्यासमोर सायकल धरून उभी राहिले. हातात वीट घ्यावीशी वाटली, खोटं कशाला बोलू. तिथून तशीच कैलासभाऊंकडं गेले. तुझा पासवर्ड मला माहीत होता, तुझ्या गाईचं नाव. मेल उघडला. वर कोपऱ्यात तुझं नाव, बारीक अक्षरांत, एकाला एक चिकटून.

एकदा नीट वाच, म्हणाली होतीस. वाचलं.

मला विकू नका.

ळ नव्हताच त्यांच्याकडं. मी चार वर्षं त्या ळ साठी भांडत होते आणि तू चार वर्षं त्याच्याशिवाय जे लिहिलं होतं ते मिरवत होतीस. भावांनी तुझं नाव प्लॉटला लावलं. मी पत्रकाला लावलं. माझा कागद पिवळा होता, त्यांचा फ्लेक्स रंगीत, एवढाच फरक. नाही, आणखी एक आहे. मला लाज वाटते, त्यांना वाटत नाही. म्हणून जाब मी त्यांना विचारणारच, स्वतःला विचारून झाल्यावर.

चार दिवसांनी तुझी आई आमचा जिना चढून आली. कोथिंबिरीची जुडी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ती त्या काँप्युटरवर काय नाव लावायची?"

मी वाटच बघत होते की ही मला शिव्या घालेल. मी सांगितलं, "मळा विकू नका."

म्हातारी थबकली. मग तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे. हसत होती. "हे तर ह्यांचं वरडणं," म्हणाली. "इंजिनापासून. मला रानात ऐकू यायचं." मग जुडी सारखी करत म्हणाली, "मंगळवारी सही हाय माझी, हक्कसोडीवर. जीप ठरवलीय पोरांनी."

"करणार?"

"आंगठा माझा हाय," ती म्हणाली. मी पुढं काही विचारलं नाही. तुझ्याकडून शिकले, उशिरा.

मंगळवारी मी आणि संघटनेतल्या दोघी, अशा आम्ही तिघी कचेरीसमोरच्या फुटपाथवर उभ्या राहिलो. फलक नाही, घोषणा नाही, पत्रक नाही. माझ्या हातांना काय करावं कळत नव्हतं. आत काय झालं ते आईनं नंतर सांगितलं, शब्द तिचेच. साहेबांनी कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "आजी, समजलं का सगळं?"

"समजलं. ह्याच्यात मालू कुठं हाय?"

"आजी, त्या वारल्या ना."

"मंग तिला विचारून सांगते."

आणि उठली. थोरला म्हणाला, आई, येड्यासारखं काय करती, जीप थांबलीय. ती म्हणाली, तू जा जीपनं, मी पायी येते. बाहेर आली, फुटपाथवर माझ्या शेजारी उभी राहिली आणि आपला कोरडा अंगठा मला दाखवला. शाई नव्हती त्याला. मालूताई, मी मोर्चे पाहिलेत, सभा पाहिल्यात. असला विजय पाहिला नव्हता.

मला माहीत आहे, हे इथं संपत नाही. ते पुन्हा येतील. गोड बोलून येतील, सणाला येतील, दुसरी साडी घेऊन येतील. येऊ देत. आईनं मागच्या रविवारी मला मळ्यावर बोलावून घेतलं. रस्त्याच्या कडेला, फ्लेक्सच्या बरोबर खाली, तिला पाटी लावायची होती. पत्रा तिनंच आणला होता, तुझ्या गोठ्याचा. पेंटर ब्रश घेऊन उभा. "ताई, काय लिहू?"

माझ्या खिशात कागद होता. 'मळा विकू नका.' ठळक, शुद्ध, उद्गारचिन्हासकट. त्या ळ ची मी चार वर्षं वाट बघितली होती. कागद बाहेर काढला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, मागं एक जीप गेली. फ्लेक्स सगळे वाचत होते आणि पुढं जात होते. मी कागद परत खिशात घातला.

"लिहा," मी म्हणाले. "मालविकू नाका."

पेंटरनं ब्रश डब्यात बुडवला आणि तिथंच थांबला. "हा कुठला नाका, ताई? मी पंधरा वर्षं पाट्या रंगवतोय, ऐकला नाही."

मी आईकडं बोट दाखवलं. आईनं त्याला बांधावर बसवलं, पाणी दिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. गुरुजींपासून. पाटी रंगवायला त्याला दुपार झाली.

भांडण तू जिंकलीस. थिनगीनं मान्य केलं, लेखी. अमेरिकेतल्या त्या माणसाला मी तुझ्याच नावानं मेल पाठवणार होते, मग थांबले. माझ्या नावानं पाठवलं. तू गेल्याचं सांगितलं. आणि लिहिलं की नाका आहे, कोबीचा वास आला की उतरा.

काल मी आईजवळ पाटीखाली बसले होते. ती टोपलीतली मेथी सारखी करत होती. शेअर रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं पाटी वाचली, मान बाहेर काढून आतल्या माणसांना ओरडला, "मालविकू नाका! कोण हाय का उतरणारं?"

उतरणारं कुणी नव्हतं. आईनं मेथीवरून मान न उचलता त्याला उत्तर दिलं.

"उतरत नाय आम्ही. आम्ही हितंच ऱ्हातो."